पुडीतलं अंग

मी बुऱ्हाणपूरचा. वडील पॉवरलूमवर कारागीर. 19 वर्षांचा होतो तेव्हा माझं वजन 46 किलो होतं. एकदा सुताचा भरलेला बीम एकट्यानं उचलायला गेलो आणि तोल गेला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे सिंगल पसली, तुझ्यानं संसार तरी पेलेल का?’’ सगळे हसले आणि कामाला लागले. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आलो.

अंग भरलेलं दिसावं म्हणून भर मे महिन्यात शर्टाच्या आत दोन बनियन घालायला लागलो. तापीवर मित्र पोहायला उतरले की मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो.

पुढे एकानं कागदाची पुडी हातात ठेवली. ‘‘देशी औषध आहे, महिन्याभरात अंग धरशील.’’ गोळ्यांवर ना नाव, ना कंपनी. भूक खवळली, दीड महिन्यात 7 किलो वाढलो, गाल वर आले. ‘‘आता कसा मर्द दिसतोस!’’ असं एकजण म्हणाला. तेवढ्यासाठी मी पाच महिने लपूनछपून पुड्या घेतल्या. हातपाय काडीसारखेच होते, तोंड तेवढं गोल झालं होतं. मांड्यांवर जांभळे पट्टे उठले, तेही झाकले. मग पैसे संपले, गोळ्या बंद झाल्या. आठवड्याभरात उलट्या, चक्कर, आणि एका सकाळी मोरीतच कोसळलो.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. अशा पुड्यांत अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि भूक वाढवणारं सिप्रोहेप्टाडीन असतं. स्टेरॉइडनं अंगात पाणी साठतं, तोंडावर चरबी चढते, दंडातले स्नायू उलट झिजतात. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी शरीराला लागणारं स्टेरॉइड स्वतः बनवतात. ते बाहेरून रोज मिळू लागलं की त्या मंदावतात, आणि गोळी एकदम थांबली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, आणि डोस थोडा थोडा कमी करत मला सुटायला आठ महिने लागले.

दवाखान्यात वडील उशाशी बसून म्हणाले, ‘‘लग्नात मी पण 48 किलोचाच होतो रे. आपल्या घराण्याची काठीच अशी. आणि भरलेला बीम दोघांनी उचलायचा असतो, तू एकटा कशाला गेलास?’’ मी तोंड उघडलं असतं, तर हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं असतं.

म्हणून पोरांनो, बिननावाची गोळी घेऊ नका. घेत असाल तर मनानं बंदही करू नका. उरलेली पुडी घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. वजन अचानक उतरलं असेल तर क्षयरोग, थायरॉइड, साखर तपासून घ्या. तपासणीत काही निघालं नाही, तर डाळ, अंडी, शेंगदाणे, आपल्याकडची केळी आणि वजनं उचलण्याचा व्यायाम पुरेसा आहे. त्याला महिने लागतात, पण ते अंग टिकतं.

दाढी विरळ म्हणून झुरणाऱ्यांचंही तसंच. ती बरीचशी आईवडिलांकडून येते आणि कित्येकांची पंचविशीनंतरही दाट होत जाते. वस्तऱ्यानं ती वाढत नाही. भिंतीवर ‘मर्दानी ताकद’ विकणाऱ्यांना भुलू नका. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. आरशासमोर जीव नकोसा वाटू लागला तर 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे.

आणि थोरांनो, पोराच्या अंगावरून थट्टा करू नका. तुम्ही विसरता, तो विसरत नाही.

जे औषध घरच्यांपासून लपवून घ्यावं लागतं, ते घेऊच नये, एवढं मी शिकलो. मनावरचं ओझंही त्या बीमसारखंच आहे. दुसऱ्या टोकाला कुणाला तरी बोलवा. वडील, मोठा भाऊ, मित्र, कुणीही.