पंख पसरणारा गायक

डोमेनिको मोदुन्यो यांचा जन्म १९२८ साली दक्षिण इटलीतील पोलिन्यानो आ मारे या समुद्रकाठच्या गावी झाला. ते स्वतः गाणी रचत आणि गात.

१९५८ साली सानरेमो येथील गीतस्पर्धेत त्यांनी निळ्या आकाशात उडण्याचे गीत गायले. गाताना त्यांनी दोन्ही हात पंखांसारखे पसरले. त्यांना पहिले बक्षीस मिळाले. त्याच वर्षी युरोपातील स्पर्धेत मात्र हे गीत तिसरे आले. पण लोकांनी क्रमांक पाहिला नाही. 'वोलारे', म्हणजे 'उडणे', या नावाने ते जगभर गाजले. १९५९ साली त्याला अमेरिकेतील पहिले ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

१९८४ साली मोदुन्यो यांना पक्षाघात झाला. गाणे थांबले, पण ते खचले नाहीत. १९८७ साली ते संसदेत निवडून गेले. आग्रिजेंतो येथील मनोरुग्णांचे हाल त्यांनी देशापुढे मांडले. १९९४ साली ते वारले. त्यांच्या गावी आज हात पसरलेला त्यांचा पुतळा उभा आहे.

मुलांनो, गाणे थांबले तरी माणूस दुसऱ्यांसाठी बोलू शकतो, हे लक्षात ठेवा.

शब्दार्थ : पक्षाघात – लकवा, खचणे – हिंमत हरणे.

स्वाध्याय : मोदुन्यो यांनी आजारपणानंतर कोणते काम केले?