संगणकातील पाणपोई

(संगणक आपल्या सोयीसाठी काही फायली आपणहून तयार करतो व त्या लपवून ठेवतो. अशाच एका फायलीची ओळख या पाठात करून दिली आहे.)

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या काठी शिरवळ हे गाव लागते. ते सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात आहे. या गावात एक जुनी दगडी पाणपोई आहे. पूर्वी लोक पायी किंवा बैलगाडीने प्रवास करत. थकलेल्या वाटसरूला पाण्यासाठी नदीपर्यंत जावे लागू नये, म्हणून वाटेवर पाणपोई असे. तेथे पाणी एकदा भरून ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते प्यायचे. उर्दूत आपण तिला सबील म्हणतो.

मुलांनो, अशीच एक पाणपोई घरच्या संगणकातही असते. फक्त ती आपल्याला दिसत नाही.

समजा, तुमच्या वर्गाची सहल शिरवळजवळच्या नायगावला गेली. नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा तेथे जन्म झाला. सहलीत तुम्ही दोनशे फोटो काढले व ते संगणकाच्या एका फोल्डरमध्ये ठेवले. फोल्डर उघडला, की प्रत्येक फोटोचे चिमुकले चित्र दिसते. त्याला लघुचित्र म्हणतात. इंग्रजीत त्याला 'थंबनेल' असे नाव आहे. थंबनेल म्हणजे अंगठ्याचे नख. चित्र नखाएवढे लहान, म्हणून हे नाव पडले.

हे लघुचित्र तयार करायला संगणकाला मेहनत पडते. एखादा फोटो ४००० बिंदू रुंद आणि ३००० बिंदू उंच असेल, तर त्यात १ कोटी २० लाख बिंदू असतात. त्याचे २५६ बिंदू रुंद आणि १९२ बिंदू उंच असे लघुचित्र केले, तर त्यात फक्त ४९,१५२ बिंदू उरतात. म्हणजे लघुचित्र मूळ फोटोच्या सुमारे अडीचशेव्या भागाएवढे असते. दर वेळी दोनशे फोटो उघडून ते लहान करत बसायचे, तर वेळ लागणारच. म्हणून संगणक हे काम एकदाच करतो आणि तयार लघुचित्रे एका फायलीत साठवतो. पुढच्या वेळी तो मूळ फोटोंकडे न जाता या साठ्यातूनच चित्रे दाखवतो. या साठ्याला 'कॅश' म्हणतात. फोटो म्हणजे नदी आणि कॅश म्हणजे पाणपोईचा रांजण!

ही फाइल कोठे असते? २००१ साली 'विंडोज एक्सपी' ही प्रणाली आली. तिच्यात लघुचित्रे पाहिलेल्या प्रत्येक फोल्डरमध्ये 'थम्ब्स डॉट डीबी' नावाची एक लपलेली फाइल तयार होत असे. २००७ साली 'विंडोज व्हिस्टा' बाजारात आली. तेव्हापासून संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाची लघुचित्रे सहसा एकाच ठिकाणी साठू लागली. त्या फायलींच्या नावाची सुरुवात 'थंबकॅश' अशी असते. लिनक्स प्रणालीतही असा साठा असतो. तेथे नावाच्या आरंभी टिंब दिले, की फाइल किंवा फोल्डर लपतो. जुन्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही टिंबाने सुरू होणारा लघुचित्रांचा फोल्डर सापडतो.

या फायली का लपवतात? आपण त्या चुकून हलवू नयेत किंवा पुसू नयेत, म्हणून. पण जी वस्तू डोळ्यांआड असते, तिच्याकडे दुर्लक्षही होते. येथेच काळजी घ्यायला हवी.

समजा, त्या फोल्डरमध्ये अम्मीचा एक फोटो होता. बाहेरच्या कोणी तो पाहू नये, असे तिला वाटत होते. तुम्ही तो फोटो पुसला आणि उरलेला फोल्डर पेनड्राइव्हवर घालून मित्राला दिला. मूळ फोटो गेला. पण 'थम्ब्स डॉट डीबी'मध्ये त्याचे लघुचित्र तसेच राहू शकते. फोल्डरबरोबर ही लपलेली फाइलही मित्राकडे जाते. ती वाचू शकणाऱ्या प्रोग्रामने कोणीही ते लघुचित्र पाहू शकतो. चित्र लहान असले, तरी चेहरा ओळखू येतो. व्हिस्टानंतरच्या संगणकांत असा साठा बहुधा फोल्डरबरोबर जात नाही. पण पुसलेल्या फोटोंची लघुचित्रे संगणकात मागे राहू शकतात. जुना संगणक विकला, तर तीही त्याच्याबरोबर जातात. गुन्ह्याचा तपास करताना संगणकतज्ज्ञ अशा लघुचित्रांचा उपयोग करून घेतात. लघुचित्रे पुरावा ठरू शकतात, तशीच ती आपले गुपितही उघडे करू शकतात.

हा साठा रिकामा करणे अवघड नाही. विंडोजमध्ये 'डिस्क क्लीनअप' नावाची सोय आहे. ती उघडली, की एक यादी दिसते. तिच्यातील 'थंबनेल्स' या नावापुढे खूण करावी व आज्ञा द्यावी. साठा रिकामा होतो. यामुळे तुमचे फोटो मुळीच जात नाहीत. रांजण रिकामा केला, म्हणून नदी आटत नाही. पुढच्या वेळी फोल्डर उघडताना थोडा उशीर लागतो, कारण संगणक लघुचित्रे पुन्हा तयार करतो. एखाद्या फोटोऐवजी भलतेच किंवा जुनेच चित्र दिसू लागले, तरी हाच उपाय करतात.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली गोष्ट, सफाईच्या यादीतील प्रत्येक नाव नीट वाचा. काही विंडोज संगणकांवर या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. तो साठा नव्हे; त्या आपण स्वतः उतरवून घेतलेल्या फायली असतात. न वाचता खूण केली, तर त्या कायमच्या जातील. म्हणून महत्त्वाच्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. लघुचित्रावरून मूळ फोटो परत मिळवता येत नाही. रांजणातील पाण्याने नदी भरत नाही. दुसरी गोष्ट, संगणक विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल, तर केवळ लघुचित्रे पुसून भागत नाही. पुसलेल्या फायलीही काही वेळा परत मिळवता येतात. अशा वेळी जाणकाराकडून संपूर्ण डिस्क साफ करून घ्यावी.

पाणपोई सोयीची असते, पण तिचा रांजण अधूनमधून रिकामा करून घासावा लागतो. संगणकाचेही तसेच आहे. तो आपल्यासाठी काय काय साठवतो, हे आपल्याला माहीत असायला हवे. घरच्या माणसांचे फोटो ही आपल्यावर विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ती सांभाळणे हे आपले काम आहे. ते संगणकावर सोपवून चालणार नाही.

शब्दार्थ

वाटसरू – प्रवासी, मुसाफिर
रांजण – पाणी साठवण्याचे मोठे मातीचे भांडे
आपणहून – कोणी न सांगता
डोळ्यांआड – नजरेपलीकडे
गुपित – लपवलेली गोष्ट, राज
ठेव – सांभाळण्यासाठी दिलेली वस्तू, अमानत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिरवळ हे गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) 'थंबनेल' या शब्दाचा अर्थ काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) संगणक लघुचित्रे साठवून ठेवतो.
(आ) 'डाउनलोड्स' या नावापुढे विचार न करता खूण करू नये.

प्र. ३. 'रांजण रिकामा केला, म्हणून नदी आटत नाही.' या वाक्याचा अर्थ चार-पाच ओळींत स्पष्ट करा.

प्र. ४. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना लघुचित्रांविषयी माहिती सांगा. त्यांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहा.