शटर वर करण्याआधी मावशीचं ऐक

मनू बाळ,

'मावशी, सोमवारपासून क्लिनिक उघडतेय,' असं तू म्हणालीस आणि मी आनंदाने ताडकन उठले. गुडघा कटकन वाजला. बघ, तुझ्या पहिल्या पेशंटची सोय घरातच आहे.

२२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूला ओढलेलं तुझं शटर. जूनमध्ये सरकारने 'पुनश्च हरिओम' म्हटलं, दुकानं सम-विषम तारखांना उघडली, आणि आत्ता महिनाअखेरीला सलूनवाल्यांनाही मुभा मिळाली. तीही कटिंगची, दाढीची नाही. आपली रड न्हाव्यासारखीच, धंदाच हात लावण्याचा. पण घाबरून जाऊ नकोस. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण रुजलं तेच साथीमुळे. पोलिओने पोरं अधू होत होती, म्हणून १९५०च्या दशकात मुंबईला केईएममध्ये ते सुरू झालं. साथीत जन्मलेल्या विद्येने साथीला बिचकू नये, पण आईबापाइतकं ओळखून मात्र असावं.

खाली लिहिलंय त्यातलं निम्मं मी चुकून शिकलेय. उरलेलं तू चुकू नयेस म्हणून.

१. शटर सोमवारी उघड, पण फोन आजच उघड. जुन्या प्रत्येक पेशंटशी दहा मिनिटं बोल – ज्याचं नुसतं सांगून भागतं, त्याला बोलावून घेणं म्हणजे दोघांनाही नसता धोका.

२. यादीचे तीन भाग कर: हात लावावाच लागेल असे, फोनवर भागेल असे, आणि थांबू शकतील असे. नुकतंच प्लॅस्टर निघालेला हात, ताजा पक्षाघात, ऑपरेशनचा गुडघा हे पहिल्या भागात – सांधा लॉकडाऊन ओळखत नाही, तो आपला आखडतच जातो.

३. दहा वर्षांची कंबरदुखी घेऊन गप्पा मारायला येणारे आजोबा तिसऱ्या भागात घाल, पण त्यांना रविवारी फोन कर – त्यांचं दुखणं कमरेपेक्षा घरातल्या शांततेचं जास्त असतं.

४. फोनवर 'कसं वाटतंय?' विचारू नकोस, 'करून दाखवा' म्हण – छान म्हणते ती जीभ, गुडघा वेगळंच सांगतो.

हे चौथं जरा सविस्तर सांगते. माझे एक जुने पेशंट, मार्चच्या पहिल्या आठवड्यात गुडघा बदललेला. टाके निघाले आणि सगळं बंद झालं. दर फोनला 'एकदम छान, मॅडम!' शेवटी एके दिवशी व्हिडिओ लावायला सांगितला. म्हटलं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसा आणि टाच मागे, खुर्चीखाली सरकवा. टाच खुर्चीच्या पुढच्या पायापर्यंत आली आणि तिथेच अडली. नव्वद अंशसुद्धा नाही. म्हणजे माणूस तीन महिने पाय पुढे पसरून, हातांवर जोर देऊन उठत होता, आणि घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मागे काकू कणिक मळत उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, 'अगंबाई, म्हणून होय पाट सोडलात!' अशा माणसाला आता फोन पुरत नाही. त्याला पहिल्या सोमवारी बोलाव.

५. ताप, खोकला, घरात कोणी आजारी, हे सगळे विचारतातच. तू आणखी एक विचार, 'सकाळच्या चहाला आल्याचा वास आला का?' – वास जाणं हेही आता सरकारी लक्षणांच्या यादीत आलंय, आणि हा प्रश्न म्हाताऱ्यांना चटकन कळतो.

६. 'ताप नाही' म्हणणाऱ्याला 'सकाळपासून कुठली गोळी घेतलीत?' हेही विचार – दुखण्यासाठी घेतलेली पॅरासिटामॉल ताप झाकते, आणि आपल्या पेशंटांपैकी निम्मे ती शेंगदाण्यासारखी खातात.

७. पासष्टीच्या पुढच्यांनी, मधुमेह-बीपीवाल्यांनी घरातच राहावं असा सल्ला आहे, आणि नेमके तेच आपले पेशंट. म्हणून त्यांना सकाळची पहिली वेळ दे – रात्रभर रिकामी असलेली खोली दिवसातली सगळ्यात स्वच्छ खोली.

८. एका तासाला एकच पेशंट: पाऊण तास त्याचा, पाव तास खिडकीचा. रिकामा पाव तास बघून जीव तुटेल, पण नियम तोडू नकोस – तेवढ्यात खोलीतली हवा बदलते.

९. एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि पंखा असा ठेव की वारा तुझ्या पाठीकडून येऊन खिडकीने बाहेर जाईल – खिडकी उघडली तर अर्धा दवाखाना आपोआप धुतला जातो. पाऊस आत येईल, येऊ दे. फरशी पुसता येते.

१०. वेटिंगच्या खुर्च्या, मासिकं, पाण्याचा ग्लास सगळं माळ्यावर टाक. पेशंटने रिक्षात नाहीतर जिन्याखाली थांबावं, तू मिस्ड कॉल दिलास की वर यावं – बसायला जागा दिसली की आपली माणसं बसतात, आणि बसली की बोलतात.

११. चादर पेशंटनेच घरून पिशवीत आणावी आणि पिशवीत न्यावी – पुण्याच्या जुलैत धुतलेली चादर दोन दिवस वाळत नाही, आणि दोघांत एक चादर म्हणजे तिसऱ्याच्या घरी ताप.

१२. बेडच्या तोंडाच्या भोकाकडे विशेष लक्ष. पालथा पेशंट अर्धा तास तिथेच श्वास सोडतो, म्हणून त्यावर त्याचाच नॅपकिन आणि तो गेला की कड न् कड पुसायची – आपण बेड पुसतो आणि भोक विसरतो. मी वर्षानुवर्षं विसरले.

१३. शेकाच्या मेणाचं भांडं बंद करून ठेव. हॉट पॅक चालेल, पण टर्किशचं कव्हर प्रत्येकाला वेगळं – दहा हात बुडालेलं मेण परत त्याच भांड्यात, हे आपण इतकी वर्षं केलं कसं, याचंच मला आता नवल वाटतं.

१४. आयएफटी मशीनचे स्पंज आणि चिकट पॅड ज्याचे त्याचे, नाव घातलेल्या डबीत. थेराबँडचा रबरी तुकडा कापून ज्याचा त्याला देऊन टाक – तो घरी नेईल, आणि घरी नेलेला बँड निदान खुंटीवरून तरी त्याला व्यायामाची आठवण करून देईल.

१५. अल्ट्रासाउंडच्या जेलच्या बाटलीचं तोंड कातडीला लावू नकोस, वरूनच सोड – जेल संपतं तेव्हा आपण बाटली दाबत दाबत पार खांद्यावर टेकवतो, मला माहितीये.

१६. हायपोक्लोराइट पाच टक्क्यांचं मिळालं तर एक भाग ते आणि चार भाग पाणी, रोज सकाळी ताजं. लावून दहा मिनिटं थांब, मग साध्या पाण्याने पूस – नाहीतर रेक्झिन तडकतं आणि तडकलेल्या रेक्झिनमध्ये घाण घर करते.

१७. ते द्रावण लोखंडाला आणि यंत्राला लावू नकोस, तिथे सत्तर टक्के अल्कोहोल, तेही फडक्यावर घेऊन. बटणांवर फवारा मारू नकोस – मी एकदा मारला, आणि मशीन दुरुस्तीचं बिल बघून मलाच शेक घ्यावा लागला.

१८. हायपोक्लोराइट आणि संडास धुवायचं ॲसिड एका बादलीत कधीही घालायचं नाही, आणि हे सफाईच्या ताईंना स्वतः समजावून सांग – त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि 'जास्त स्वच्छ' करायच्या नादात तो त्या बिचारीच्याच छातीत जातो. माणसांवर फवारा मारणारा तो बोगदाही नको. आरोग्य मंत्रालयानेच नको म्हटलंय.

१९. हात साबणाने धुवायचे, पेशंटच्या आधी आणि नंतर, त्याच्या डोळ्यांसमोर. हात धुवायला वीस सेकंद, हात चोळत बसायला चौदा दिवस – आणि तू धुताना दिसलीस की त्याचा निम्मा धीर तिथेच परत येतो.

२०. सोमवारी पूजा करशीलच. सॅनिटायझर लावलेल्या हाताने काडी ओढू नकोस, हात पूर्ण वाळू दे – देवाला उदबत्ती हवी असते, बोटं नकोत.

आता हातांविषयी, कारण खरी गंमत तिथेच आहे. तू मानेच्या पेशंटला उताणं झोपवून डोक्याशी बसतेस. मान दोन्ही तळव्यांत, तुझं तोंड त्याच्या तोंडावर. कॉलेजात आपल्याला तसंच शिकवलं. आता त्याला खुर्चीवर उलटं बसव, छाती खुर्चीच्या पाठीला टेकवून, कपाळ दुमडलेल्या हातांवर. तू मागे उभी राहा. पहिल्या दिवशी हात आंधळे झाल्यासारखं वाटेल, चेहरा दिसत नाही ना! पण मग कान जागे होतात. कुठे दुखलं की माणूस श्वास रोखतो, ते मागून जास्त चांगलं कळतं.

२१. खांद्यालाही तसंच, बाजूने किंवा मागून. बोलायचं ते आधी फोनवर बोलून घे, हात चालू असताना गप्प राहा – ज्याची फोनवर बडबड, त्याची खाटेवर कमी गडबड.

२२. हात लावायची मिनिटं मोजून ठरव: दहा मिनिटांत तू काय बदलणार हे आधी कागदावर लिही, मग हात लाव – मोजका हात विचार करून पडतो. लॉकडाऊन नसतानाही आपण हे करायला हवं होतं, पण वेळ होता म्हणून चोळत बसलो.

२३. छातीचा व्यायाम, कफ काढणं, ते तीन गोळ्यांचं श्वास ओढायचं यंत्र, यातलं काहीही बंद खोलीत नको. घरच्या गॅलरीत करायला सांग, तू व्हिडिओवर बघ – खोकला काढणं हेच जिथे काम, तिथे पडदा काय करणार?

२४. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढायला लाव, बोट गार असेल तर चोळून गरम कर. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला तर व्यायाम नाही, डॉक्टरकडे रवानगी – हसत बोलणारा माणूसही आतून रिकामा असू शकतो, हे कोविडचं कपट आहे.

२५. कोविड होऊन गेलेला पेशंट आला की 'चला, ताकद आणू' असा उत्साह नको. चालवताना ऑक्सिजन तीन-चार आकड्यांनी उतरला तर खुर्ची दे – दमलेल्या बैलाला टोचलं तर नांगर मोडतो.

२६. मास्क व्हॉल्व्हवाला नको, तुझाही नको आणि पेशंटचाही नको – आत येणारी हवा तेवढी गाळतो, आपला श्वास मात्र समोरच्याला तसाच भेट देतो.

२७. चहा एकटीने प्यायचा, खिडकीशी – मास्क नेमका चहालाच उतरतो.

हे मी अनुभवाने सांगतेय. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्यातल्या शाळा, मॉल, थिएटरं बंद झाली. रस्त्याने सगळा गाव तोंडाला रुमाल बांधून. मी दिवसभर मास्क लावून काम केलं, अगदी शहाण्यासारखं. आणि दुपारी चारला मी, असिस्टंट आणि हिशेबाचा मुलगा असे तिघं आतल्या टीचभर पँट्रीत दार लावून चहा-खारी. मास्क तिघांच्याही गळ्यात, हारासारखे. चौथ्या दिवशी तिघंही अंथरुणात. साधा फ्लू होता म्हणून सुटलो. दिवसभर पेशंटांना जपलं आणि धरलं ते खारीने.

२८. होम व्हिजिटला गेलीस तर चहा नाही, पाणी नाही, 'निदान लाडू तरी' नाही. आधीच फोनवर सांगून ठेव – दारात नाही म्हटलं की अपमान होतो, फोनवर म्हटलं की नियम होतो.

२९. तुझ्या असिस्टंटच्या गल्लीला साथीमुळे पत्रे ठोकले असतील तर तिला घरीच राहू दे आणि पगार दे. पीएमपीच्या बस बंद आहेत तोवर येण्याजाण्याचंही बघ – पगार कापण्याच्या भीतीने जो खोकला लपवला जातो, तो सगळ्यात महाग पडतो.

३०. सॅनिटायझर-मास्कचे जादा पैसे घेणार असशील तर आकडा फोनवरच सांग – बिलात अचानक उगवलेले पन्नास रुपये माणूस पाच वर्षं विसरत नाही.

३१. प्रत्येकाच्या हातात त्याच्या व्यायामाचा कागद दे, मोठ्या अक्षरात, तीनच व्यायाम – उद्या पुन्हा कुलूप लागलं तर कागद घरात असेल, तू नसशील. आणि पुन्हा लागेल असं माझं मन सांगतंय.

३२. सोमवारी चारच पेशंट घे. पाचवी मी, बुधवारी, व्हिडिओवर. उजवा खांदा वर जातोय, पण मागे अंबाड्यापर्यंत पोचत नाही, दोन महिने झाले. कोणाला बोलले नाहीये, तूही तुझ्या आईला सांगू नकोस. मी सहासष्टची, शुगरवाली, तेव्हा बोलावू नकोस. पण फोनवर मी 'छान आहे' म्हटलं तर ऐकू नकोस, अंबाडा घालून दाखवायला लाव.

– तुझी मावशी