गळणारी जीप

जून जवळ आला की पनवेलकडचा माणूस आधी वर बघतो. कौले सरकली आहेत का? पत्र्याचे खिळे सैल झाले नाहीत ना? घराची काळजी सगळेच घेतात. पण दाराशी जुनी जीप उभी असेल तर तिलाही छप्पर आहे, तिलाही काच आहे. तिच्याकडे कोण बघणार?

आम्ही दोघे भाऊ नवीन पनवेलला राहतो. जीप वडिलांच्या वेळची आहे. तिला लोखंडी टप आहे आणि पुढे सपाट काच आहे. इंजिन अजून खणखणीत चालते. पण काचेच्या आणि टपाच्या कडेचे रबर कडक होऊन चिरले होते. पावसात पाणी ठिबकू लागले. आम्ही काय केले? बाजारातून काळी लुकणाची नळी आणली आणि वरून फासली. ठिबकणे थांबले. आम्ही खूश झालो.

पुढच्या आषाढात आम्ही पेणहून परत येत होतो. मागे धाकट्याची लेक तापाने फणफणलेली होती. कर्नाळ्याच्या खिंडीत पाऊस असा कोसळला की समोरचा रस्ता दिसेना. तेवढ्यात काचेखालून पाणी आत आले आणि वायपरच्या बटणात शिरले. वायपर थांबला. गाडी बाजूला घेऊन आम्ही अर्धा तास बसून राहिलो. पोर कण्हत होती आणि आम्हाला काही करता येत नव्हतं. तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

घरी आल्यावर पायाखालची चटई उचलली. खालचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. बोटाने दाबला तर भोक पडले. लुकणाने वरची फट झाकली होती, पण पाण्याने दुसरी वाट काढली होती.

जीप का गळते?

जीप मूळची लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी ती बनवली गेली. देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत मुंबईत महिंद्र कंपनी जीपची जोडणी करू लागली. या गाडीला कापडी हूड असे. पुढची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पाडता येत असे. म्हणजे काचेची चौकट अंगाला जोडलेली नाही, बिजागरीवर बसवलेली आहे. लोखंडी टपही नटबोल्टांनी वेगळा बसवतात. जिथे दोन तुकडे भेटतात तिथे फट राहते, आणि ती फट रबर बुजवते.

अशा तीन जागा लक्षात ठेवा. पहिली, काच आणि तिची चौकट यांच्यामध्ये. दुसरी, चौकट आणि तिच्या खालचा पत्रा यांच्यामध्ये. तिसरी, टप जिथे चौकटीवर आणि गाडीच्या अंगावर टेकतो तिथे.

रबर कायमचे टिकत नाही. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होते. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला सापडले की गंधक घालून तापवले तर ते लवचीक राहते. तरीसुद्धा वर्षानुवर्षे ऊन आणि हवा लागून ते आखडते, चिरते. मग त्याच्यावर काहीही फासा, ते पुन्हा जिवंत होत नाही. ते बदलावेच लागते.

आधी पाण्याची वाट शोधा

पाणी जिथे ठिबकते तिथेच ते शिरते असे नाही. ते पत्र्याच्या कडेने वाहत जाते आणि दुसरीकडे पडते. म्हणून एकाने बॅटरी घेऊन आत बसावे. दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाणी खालून सुरू करा आणि हळूहळू वर न्या. आधी वरून सोडले तर सगळीकडूनच ओघळेल आणि काही कळणार नाही. पाणी दिसले की आतल्याने खडूची खूण करावी.

आता कामाला लागा

हे काम उघडीप असताना करा, मे महिन्यात केले तर उत्तम.

टपाचे बोल्ट सोडा. टप जड असतो. चार माणसांनी चार कोपरे धरून तो उचलावा.

काच काढताना ती ढकलू नका. जुने रबर टाकायचेच आहे, तेव्हा त्याची कड पातीने कापून काढा. काच आपोआप मोकळी होते. हातात जाड मोजे घाला.

आता चौकट बघा. जुना गोंद खरवडा. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून काढा. भोक असेल तर पत्रा जोडून घ्या. मग रेडऑक्साइड लावा, त्यावर रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. इथे घाई केली तर नव्या रबराखाली जुना गंज वाढत राहील.

रबर आणायला जाताना जुन्याचा तुकडा बरोबर न्या. तोंडाने सांगून जमत नाही. खाच, जाडी, कड, सगळे जुळले पाहिजे.

रबर ताणून बसवू नका. ताणलेले रबर पुढे आखडते आणि सांध्यात फट पडते. बोटभर जास्तच कापा आणि दाबून बसवा.

काच बसवण्याची एक युक्ती आम्हाला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवली. नवे रबर काचेभोवती चढवा. रबराच्या बाहेरच्या खाचेत मजबूत दोरी फिरवा. दोरीची दोन्ही टोके खाली मध्यभागी आतल्या बाजूला सोडा. साबणाचे पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते आणि खराब होते. मग काच बाहेरून चौकटीवर टेकवा. आतल्याने दोरी हळूहळू ओढावी. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढते. बाहेरच्याने त्याच जागी तळहाताने हलकेच दाबावे. हातोडी मुळीच नको.

शेवटी लुकण लावायचे असेल तर गाडीच्या काचेसाठीचेच घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते लोखंडाला गंजवते.

टपाखाली नवी पट्टी लावली की बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर दुसरी उचलते. मधेमधे कागदाची चिंधी पट्टीखाली सारून बघा. ती अडखळत निघाली पाहिजे. सहज सुटली तर तिथे अजून फट आहे.

मग पुन्हा नळी घ्या. पुन्हा खालून वर. आत बसलेला म्हणाला, "कोरडं आहे," की काम झाले.

आम्ही दोघांनी दोन रविवार घालवले. त्यानंतरच्या श्रावणात आम्ही पुन्हा कर्नाळ्यावरून आलो. पाऊस तसाच होता, पण वायपर चालत होता. पोर मागच्या बाकावर झोपली होती. आम्ही चटईखाली हात घालून पाहिला. हात कोरडाच बाहेर आला.

उजळणी

१. जीपला पाणी शिरण्याच्या तीन जागा कोणत्या?
२. नळीचे पाणी खालून वर का न्यावे?
३. रबर ताणून बसवले तर काय होते?
४. तुमच्या घरात किंवा गाडीत कुठे गळते? पाण्याची वाट शोधा आणि चार ओळी लिहा.