शास्त्रीय इंग्रजीचा अभ्यास

प्रश्न : मराठी माध्यमातून आलो, अभियांत्रिकीचे इंग्रजी ग्रंथ उमगत नाहीत. व्याकरण पुन्हा आरंभावे काय?
— एक विद्यार्थी, देवगाव रंगारी (ता. कन्नड)

उत्तर : व्याकरण तूर्त तहकूब ठेवावे. आपला मुलूख ज्या निजामी अमलात होता, तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देतानाही इंग्रजी सक्तीची राखली होती. तेव्हा इंग्रजीची ही निकड आजची नव्हे. शास्त्रीय इंग्रजीत अडसर शब्दांपेक्षा रचनेचा अधिक : कर्ता लुप्त, प्रयोग कर्मणी, आणि नामांची लांबलचक माळ. ‘हीट ट्रान्सफर कोएफिशंट’सारख्या पदसमूहात अखेरचे नाम प्रधान मानून उलट वाचत गेल्यास अर्थ उलगडतो, तत्पुरुषाचा विग्रह जाणणाऱ्यास हे जड नाही. वाचनाबरोबर लेखनाचाही सराव हवा, म्हणून प्रयोगवही स्वतःच्या वाक्यांत लिहावी. वरच्या वर्गाची उतरवून घेण्याचा रिवाज सार्वत्रिक असला, तरी त्याज्यच होय.