पिलांच्या रंगावरून नर-मादीची ओळख

बोरिवली तालुक्यातील गोराई व मनोरी ह्या खाडीपलीकडच्या गावांत काही घरी अद्यापि परसात कोंबड्या पाळितात. परंतु पुष्कळ ठिकाणी गावठी जात निर्भेळ राहिलेली नाही. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, लेगहॉर्न इत्यादी जातींचे रक्त तीत मिसळले असून, एकाच खुडूक कोंबडीखालून काळी, तांबूस व पिवळी अशी नाना रंगांची पिले बाहेर पडतात. हे रंग केवळ दैवाधीन आहेत अशी समजूत असल्याने पदरचे नुकसान कसे होते, ते आम्ही पाहिले आहे.

गोराईस आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराने तांबड्या ऱ्होड आयलंड कोंबड्याजवळ पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी ठेविली. एकविसाव्या दिवशी नऊ पिले निघाली. सर्व काळीच, मात्र पाचांच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. नवसास निव्वळ काळे पाखरू लागते म्हणून बिनठिपक्याची चार त्याने चांगल्या भावाने देऊन टाकिली, व उरलेली पाच विकतच्या दाण्यावर वाढविली. पुढे एकेक करून पाचही आरवू लागली! अंडी देणाऱ्या चारही तलंगा त्याने स्वहस्ते घालविल्या होत्या.

ह्यातील मर्म असे आहे. विल्यम बेटसन ह्यांनी 1902 साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम कोंबड्यांसही लागू पडतात असे दाखविले, व पट्टेरी रंगाचा लिंगाशी संबंध असल्याचे 1908 साली स्पिलमन ह्यांनी मांडिले. मनुष्यात पुरुषाची लिंगगुणसूत्रे विषम असतात. पक्ष्यांत उलट आहे. कोंबड्याजवळ झेड नावाची दोन, तर कोंबडीजवळ एक झेड व एक डब्ल्यू असते. पट्ट्यांचे जनुक झेडवर असते. कोंबडी आपले एकुलते झेड पुत्रासच देते; कन्येस तिजकडून डब्ल्यू मिळते व झेड बापाकडून. महसुली भाषेत सांगावयाचे तर आईच्या खात्यावरील पट्टे मुलाच्या नावे चढतात, आणि मुलीचा उतारा बापाच्या खात्यावरून निघतो. बाप बिनपट्ट्याचा असल्याने वरील चारही कन्या निव्वळ काळ्या निघाल्या. डोक्यावरील ठिपका हीच पुढे येणाऱ्या पट्ट्यांची आगाऊ खूण होय.

परंतु जोडी उलटी केली तर ही युक्ती साधत नाही. शुद्ध पट्टेरी कोंबडा व तांबडी कोंबडी घेतल्यास पुत्र-कन्या दोघांसही पट्टे येतात. तसेच पहिल्या संकराची पिले आपसांत जोडल्यास दुसऱ्या पिढीत सुमारे निम्मे नर व निम्म्या माद्या पट्टेरी निघतात, व ठिपक्याचा काही अर्थ राहत नाही. पुष्कळ जण येथेच फसतात. एकदा खरी ठरलेली खूण ते पिढ्यानपिढ्या धरून बसतात.

तांबड्या कोंबड्यास लाइट ससेक्स जातीची कोंबडी दिली असताही निवड होते. तेथे कन्या तांबूस व पुत्र फिकट पिवळसर निघतात. रुपेरी रंगाचे जनुकही झेडवरच असते.

पांढऱ्या लेगहॉर्नाचा मात्र भरवसा धरू नये. त्याचा पांढरा रंग हे निव्वळ झाकण आहे; खाली पट्ट्यांचे जनुक अनेकदा दडलेले असते. तशा कोंबड्याचे रक्त कळपात आले असल्यास डोक्यावरील ठिपक्यावरून निवाडा करणे धोक्याचे. आणि रंगाची तलंग ती अंड्यांचीही सरस, असे कोणी मानू नये. अंड्यांची संख्या ठरविणारी जनुके निराळी व अनेक आहेत.

ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी कोंबडा शुद्ध जातीचा व खात्रीच्या ठिकाणाहून आणावा. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. तेथे प्रथम चौकशी करावी. दुसरा कोंबडा आवारात असल्यास तो काढून टाकावा, व त्यानंतर निदान तीन आठवडे त्या कोंबडीची अंडी उबवणीस घेऊ नयेत, कारण पूर्वीच्या नराचे बीज तिच्या पोटात काही दिवस टिकते. पिले वाळून मऊ झाली की त्याच दिवशी उजेडात डोके तपासून ठिपक्याच्या पिलांच्या पायास सैल दोरा बांधावा. पाय जाड होऊ लागताच तो बदलावा.