कॉफी सोडून चहा : सिंहलद्वीपाचा धडा

कॉफी पिणाऱ्या एखाद्या गृहस्थानें ती सोडून चहा धरावयाचें मनांत आणिलें, तर त्यास फारसे सायास पडत नाहींत. दोहोंतहि कॅफीन नांवाचें एकच उत्तेजक द्रव्य आहे. रुंगे नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तें १८१९ सालीं कॉफीच्या बियांतून निराळें काढिलें. पुढें १८२७ सालीं चहांत सांपडलेल्या द्रव्यास ‘थेईन’ असें वेगळें नांव मिळालें, आणि १८३८ सालीं दोन्ही एकच आहेत असें सिद्ध झालें. पेल्याला चहा चिमूटभर लागतो व कॉफीची पूड त्याच्या कित्येक पट लागते, म्हणून तयार चहांत कॅफीन साधारणपणें निम्मेंच भरतें. कॉफी एकदम टाकणाराचें डोकें दुसऱ्या दिवशीं दुखूं लागतें व ती पीडा आठवडाभरहि राहूं शकते. यास्तव नवशिक्यानें रोज एकेक पेला बदलीत जावें, पाणी खळखळून उकळलेलें घ्यावें, पत्ती त्यांत पांच मिनिटांहून अधिक ठेवूं नये आणि कॉफीचा दाटपणा चहांत शोधीत बसूं नये, म्हणजे झालें. एका माणसाचा धडा इतक्यांत आटोपतो.

परंतु एका संपूर्ण बेटासच कॉफी सोडून चहा धरावा लागला, आणि तोहि हौसेनें नव्हे तर उपासमारीच्या दारांत उभें राहून, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांच्याच कानीं आली असेल. तें बेट म्हणजे सिंहलद्वीप, ज्यास पूर्वीं सिलोन म्हणत व १९७२ पासून श्रीलंका म्हणतात. ‘सिलोनचा चहा’ हे शब्द आपल्या जिभेवर इतके रुळले आहेत कीं, त्या डोंगरांवर एके काळीं चहाचें नांवहि नव्हतें हें खरें वाटत नाहीं.

इंग्रजांनीं कँडीचें राज्य १८१५ सालीं घेतलें. त्यानंतर दहा वर्षांच्या आंत मध्यभागांतील डोंगरांत कॉफीचे मळे लागूं लागले. गव्हर्नर बार्न्स यानें रस्ते बांधून या उद्योगास उत्तेजन दिलें, आणि १८४० च्या सुमारास तर जंगल तोडून कॉफी लावण्याचें एक वेडच पसरलें. सरकारी अंमलदारसुद्धां मळे घेऊं लागले. मध्यंतरीं १८४७ च्या मंदींत कित्येक बुडाले. पण कॉफी पुन्हा सांवरली, आणि १८७० च्या सुमारास वर्षास दहा कोटी पौंडांहून अधिक कॉफी या चिमुकल्या बेटांतून बाहेर जात असे. जगांतील अग्रगण्य कॉफी-उत्पादकांत त्याची गणना होई. डोंगरामागून डोंगर एकाच झाडानें झांकलेले; मध्यें वनराई नाहीं, वाऱ्यास आडोसा नाहीं. त्या काळीं हें प्रगतीचें चिन्ह समजलें जाई.

१८६९ सालीं कांहीं झाडांच्या पानांच्या पाठीवर नारिंगी रंगाचे भुकटीसारखे ठिपके दिसले. पेरादेणिया येथील सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख थ्वेट्स यांनीं तीं पानें इंग्लंडास पाठविलीं. तेथें माइल्स बर्कली नांवाचे एक पाद्री होते. धर्मोपदेशाचें काम सांभाळून त्यांनीं बुरशीजन्य वनस्पतींचा जन्मभर अभ्यास केला होता, व आयर्लंडांतील बटाट्याचा नाश बुरशीनेंच झाला असें पुष्कळ विद्वानांच्या विरुद्ध त्यांनीं १८४६ सालींच प्रतिपादिलें होतें. त्यांनीं या नव्या बुरशीचें वर्णन त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें आणि तिचें नांव ठेविलें ‘हेमिलिया व्हास्टाट्रिक्स’. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ विध्वंस करणारी असा होतो. आपल्याकडे गव्हावर जो तांबेरा पडतो, त्याच्याच कुळांतील ही बुरशी आहे.

मळेवाल्यांनीं या नांवाकडे प्रथम फारसें लक्ष दिलें नाहीं, आणि त्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. तांबेरा झाडास एकदम मारीत नाहीं. पानें गळतात, पुन्हा फुटतात, पुन्हा गळतात. फळास पोसण्यास झाडांत बळ उरत नाहीं. पीक एक वर्ष कमी आलें तर पुढच्या वर्षीं बरें येई, व मनुष्य आशेवर राही. त्यांतच १८७० नंतरच्या दशकांत कॉफीचे भाव चढले. एकरी उत्पन्न घटत असतांहि पैसा येत राहिला, आणि लोक कर्ज काढून नवीं जंगलें तोडूं लागले. लागवड अडीच लाख एकरांच्या वर गेली ती रोग दिसल्यानंतर! चढता भाव हा वैद्याच्या वेषांत आलेला शत्रु होता, असें आम्हांस वाटतें.

शेवटीं मळेवाल्यांनीं सरकारकडे शास्त्रज्ञ मागितला, आणि १८८० सालीं हॅरी मार्शल वॉर्ड हा पंचविशींतला तरुण सिलोनांत आला. दोन वर्षें त्यानें जें काम केलें, तें वनस्पतिरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यानें आजहि वाचावें असें आहे. बुरशीचे सूक्ष्म बीजाणु वाऱ्याबरोबर कसे उडतात, पानावरील पाण्याच्या थेंबांत ते कसे रुजतात, आणि पानाच्या पाठीवरील श्वसनरंध्रांतून त्यांचा तंतु आंत कसा शिरतो, हें त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पायरीपायरीनें पाहून सिद्ध केलें. मैलोगणती एकच झाड दाटीनें लावल्यामुळें रोगास मोकळें रान मिळालें, हेंहि त्यानें स्पष्ट सांगितलें. मात्र मळेवाल्यांस हवें होतें औषध, आणि औषध त्याच्यापाशीं नव्हतें. ते नाराज झाले. मोरचूद व चुना यांचें ‘बोर्डो’ मिश्रण फ्रान्सांत १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. तोंवर सिलोनच्या कॉफीचें होत्याचें नव्हतें झालें होतें. १८८४ सालीं मळ्यांस कर्जें देणारी ओरिएंटल बँक कोसळली, आणि तिच्या नोटा बाळगणारांत हाहाकार उडाला. तेव्हां गव्हर्नर गॉर्डन यानें त्या नोटांची हमी सरकारतर्फें घेऊन लोकांस वांचविलें.

चहाकडे बेट सरळ वळलें असेंहि नाहीं. प्रथम पुष्कळांनीं सिंकोनाचीं, म्हणजे ज्याच्या सालीपासून कोयनेल होतें तीं, झाडें लाविलीं. सर्वांनीं एकदमच लाविल्यामुळें १८८० नंतरच्या दशकांत बाजारांत सालीचा पूर आला व भाव बसले. एका पिकावर सर्वस्व टांगण्याची जुनी खोड नव्या पिकाबरोबर गेली नव्हती, एवढेंच म्हणावयाचें.

चहा मात्र एक मनुष्य आधींपासूनच मुकाट्यानें शिकत बसला होता. जेम्स टेलर हा स्कॉटलंडांतील मुलगा १८५२ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, कॉफीच्या मळ्यावर नोकरीस आला. लूलकंदुरा नांवाच्या मळ्यावर त्यानें १८६७ सालीं १९ एकरांत चहा लाविला. तांबेरा दिसण्यास अजून दोन वर्षें होतीं. चहाचीं रोपें पेरादेणियाच्या बागेंत पूर्वींच आलीं होतीं, पण धंदा म्हणून तीं कोणीं चिकाटीनें वाढविलीं नव्हतीं. टेलरपाशीं ना कारखाना ना यंत्र. बंगल्याच्या ओट्यावर मेजें मांडून पानें हातानें वळावयाचीं आणि मातीच्या चुलींवर, कोळशाच्या आंचेनें वाळवावयाचीं, असा त्याचा कारखाना! खुडणी कशी करावी तें त्यानें आसामांतील चहाचा अनुभव असलेल्यांकडून विचारून घेतलें. १८७३ सालीं त्याचा २३ पौंड चहा लंडनास गेला. तेवीस पौंड म्हणजे आपल्या जुन्या मापानें अकरा-साडेअकरा शेर. किराण्याच्या दुकानांतील एका डब्याचा माल.

नवशिक्यास काय काय शिकावें लागलें, हें जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे; कारण दोन्हींचे मळे डोंगरावर असतात, एवढ्यावरून ते सारखेच अशी पुष्कळांची समजूत असते. कॉफी हें फळ आहे. वर्षांतून कांहीं महिने तोडणी, मग गर काढावयाचा, बी धुऊन वाळवावयाची, आणि गाड्यांत घालून कोलंबोस पाठवावयाची. पुढील सफाई तेथें होई. चहा हें पान आहे, आणि पान कोणासाठीं थांबत नाहीं. झुडुपावर नवा कोंब आला कीं आठ-दहा दिवसांत तो खुडलाच पाहिजे, एक कळी व दोन पानें, नाहींतर तो निबर होतो. खुडलेलें पान रात्रभर पसरून कोमेजवावें लागतें; मग तें वळतात, म्हणजे पेशी फुटून रस बाहेर येतो; मग ओलसर जागीं ठेविलें असतां तें तांब्याच्या रंगाचें होतें; आणि नेमक्या वेळीं कडक आंच देऊन ती क्रिया थांबवितात. या तिसऱ्या पायरीस व्यवहारांत ‘आंबविणें’ म्हणतात, पण इडलीच्या पिठासारखें कांहीं आंबत नाहीं. चिरलेलें सफरचंद हवेनें जसें तांबूस होतें, तसा हवेंतील प्राणवायूचा पानांतील रसावर परिणाम होतो. चार-पांच पौंड हिरव्या पाल्याचा पौंडभर चहा होतो. एवढें सगळें खुडल्यापासून दिवसाच्या आंतबाहेर व्हावें लागत असल्यामुळें कारखाना मळ्यावरच हवा, यंत्रें हवींत, भांडवल हवें. म्हणून लहान मळेवाले गेले आणि मोठ्या कंपन्या आल्या.

तांबेऱ्याची बुरशी कॉफीच्याच जातीवर जगते, चहास ती शिवत नाहीं. चहास पाहिजे तो वर्षभराचा पाऊस सिलोनच्या डोंगरांत आयताच होता. मळेवाल्यांनीं मरणोन्मुख कॉफीच्या ओळींमध्येंच चहाचीं रोपें लाविलीं. १८७५ सालीं चहाखालीं सुमारें १,००० एकर जमीन होती. वीस वर्षांत ती तीन लाख एकरांच्या घरांत गेली. कॉफीचे वाळलेले बुंधे साल काढून इंग्लंडास गेले व चहाच्या मेजांचे पाय झाले, असें सांगतात. कॉफी बुडाली म्हणून इंग्रज चहा पिऊं लागले, असेंहि सांगतात. तें मात्र खोटें. इंग्लंडांत घरोघर चहा अठराव्या शतकांतच पोहोंचला होता, तेव्हां तो चीनमधून येई. आपल्या कूर्ग व म्हैसूरकडेहि तांबेरा आला, परंतु तेथें कॉफी मोठ्या झाडांच्या सावलींत लावण्याची चाल होती आणि तेथील कॉफी टिकून राहिली. तंजावरकडील आपल्या मराठी घरांत सकाळचा मान अजूनहि तिचाच आहे.

टेलर लूलकंदुरास चाळीस वर्षें राहिला. ज्या धंद्याचा पाया त्यानें घातला त्यांत इतरांनीं संपत्ति मिळविली. त्यास मात्र अखेरीस मालकांनीं नोकरींतून काढिलें, आणि त्याच वर्षीं, १८९२ सालीं, अतिसारानें तो मरण पावला. त्याची कबर कँडींत आहे.

या कथेंत मळेवाल्यांचीं नांवें सांपडतात. ज्यांच्या हातांनीं हें सर्व घडलें त्यांचीं सांपडत नाहींत. कॉफीच्या दिवसांत तमिळ मुलुखांतील गरीब शेतमजूर कंगाणी नांवाच्या मुकादमाच्या मागोमाग होडीनें मन्नारच्या किनाऱ्यास उतरत, आणि तेथून माताळेपर्यंत कोरड्या रानांतून पायीं जात. वाटेंत पटकी, देवी व हगवण यांनीं किती मेले याची धड मोजदादहि नाहीं. पण जे जगत ते तोडणी संपतांच, भाताच्या कापणीस, आपल्या गांवीं परत येत. चहा आला आणि ही परतवाट बंद झाली. पान बारमाही खुडावें लागतें, म्हणून मजूरहि बारमाही पाहिजे. आणि खुडणीस स्त्रियांचे हात अधिक लागतात, म्हणून कुटुंबेंच्या कुटुंबें आलीं व मळ्यावरील ‘लाइन’ म्हणविल्या जाणाऱ्या चाळींच्या एकेका खोलींत राहिलीं. तेथेंच मुलें झालीं, तेथेंच नातवंडें. एका झाडाच्या जागीं दुसरें झाड आलें एवढ्यानें लाखों माणसांचा देश बदलला. आम्हांस या सर्व प्रकरणांत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आणि तो देश त्यांस आपला म्हणावयास तयार नव्हता. १९४८ सालीं सिलोन स्वतंत्र झाल्यावर त्याच वर्षींच्या नागरिकत्वाच्या कायद्यानें यांपैकीं सुमारें सात लाख लोक कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहींत. १९६४ सालीं आपले पंतप्रधान लालबहादुर शास्त्री व सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनीं करार केला. त्यांत ९,७५,००० माणसांपैकीं ५,२५,००० भारतानें घ्यावींत व ३,००,००० सिलोननें, असें ठरलें. उरलेल्या दीड लाखांची वांटणी १९७४ सालीं निम्मेनिम झाली. मागें राहिलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न तेथील संसदेनें २००३ च्या कायद्यानें मिटविला. जे इकडे आले, त्यांतील पुष्कळांनीं भारत पूर्वीं पाहिलेला नव्हता. त्यांपैकीं पुष्कळांस येत होतें तें काम एकच. म्हणून तमिळनाडु सरकारनें त्यांच्यासाठीं निलगिरींत, कोटागिरी व गुडलूरकडे, चहाचे मळे लाविले, आणि तीं कुटुंबें तेथें पाठीस टोपली बांधून पुन्हा एक कळी व दोन पानें खुडूं लागलीं.